उखाण्याला मालक नसतो

आमच्या कॉलेजात बौद्धिक संपदा हे प्रकरण अभ्यासक्रमाच्या अगदी शेपटाला आहे. कॉमर्सचं दुसरं वर्ष, व्यापारी कायद्याचा पेपर, त्यातलं शेवटचं प्रकरण. तोवर मुलांचे डोळे सुट्टीकडे लागलेले असतात, आणि बरेच प्राध्यापक "हे घरी वाचा" म्हणून ते उरकतात. मी उरकत नाही. आठ तास नेमून दिलेले आहेत, ते आठही घेते, हजेरीसकट. "मॅडमचा कॉपीराइट सुरू झाला म्हणजे परीक्षा जवळ आली," असं स्टाफरूममध्ये एक सहकारी दरवर्षी म्हणतात. म्हणू देत. ज्या मुलांचा अर्धा दिवस दुसऱ्याने केलेल्या गोष्टी फोनवरून पुढे पाठवण्यात जातो, त्यांना त्या गोष्टी कुणीतरी बसून केलेल्या असतात हे कुणी सांगायचं? मी हट्टी आहे, आणि या बाबतीत मला ते शोभतं असं माझं मत आहे.

पहिल्या तासाला मी एक प्रश्न टाकते. दुसऱ्याचं लिखाण वापरायचं असेल तर काय करायचं? हमखास उत्तर येतं, "खाली साभार लिहायचं, मॅडम." साभार म्हणजे आभारासह. ज्याचे आभार मानायचे त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याला आपण विचारलेलं नाही, त्याला या आभारांचा पत्ताही नाही. पण आभार मात्र आहेत. हा शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचा आणि त्यावर काट मारायची, इथून माझं प्रकरण सुरू होतं.

दुसऱ्या तासाला उलट बाजू. कशावर कुणाचाच हक्क नसतो? इथे माझं एक ठरलेलं उदाहरण होतं. होतं म्हणते, कारण आता ते मी देत नाही. मी विचारायचे, "उखाणा कुणाचा?" वर्ग हसायचा. मागून कुणीतरी ओरडायचं, "मॅडम, तुम्ही घ्या ना नाव!" मी म्हणायचे, "परीक्षेला विचारणार नाहीये, त्यामुळे सांगणारही नाही." मग फळ्यावर लिहायचे: उखाण्याला मालक नसतो. मुलं वहीत उतरवून घ्यायची, आणि उत्तरपत्रिकांत ते वाक्य जसंच्या तसं परत यायचं. मला बरं वाटायचं. शिक्षकाला आपलंच वाक्य परत आलेलं आवडतं, हे कबूल करायला हवं.

त्या वर्षी तर उदाहरण आयतंच हाताशी आलं. त्याच वर्गातल्या पाच जणांच्या गटाने उद्योजकतेच्या प्रकल्पासाठी उखाण्यांची छोटी पुस्तिका केली होती. बाकीच्या गटांनी मेणबत्त्या केल्या, भेळ केली. यांनी नव्या नवरीच्या पर्समध्ये मावेल एवढी पुस्तिका केली. तीस उखाणे, नवऱ्याच्या नावाच्या जागी टिंबं, आणि पहिल्या पानावर 'संकलन' असं लिहून खाली पाच नावं. कॉलेजच्या मेळ्यात त्यांच्या झेरॉक्स केलेल्या प्रती तासाभरात संपल्या. गटाचा म्होरक्या विदर्भातला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, बोलण्यात चुरचुरीत आणि कामाला वाघ असा मुलगा. त्याने नारायण पेठेतल्या एका छापखान्याच्या मालकांना गाठलं. ते आरतीसंग्रह, हळदीकुंकवाच्या याद्या वगैरे छापून दुकानांत ठेवतात. लग्नसराईच्या आत पुस्तिका नीट छापू, असं त्यांनी कबूल केलं. आतल्या पानावर 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव होतं. प्रकल्पाच्या कागदावर सही माझीच होती.

तेव्हा दुसऱ्या तासाला मी ती झेरॉक्स प्रत वर धरली आणि म्हणाले, "हे बघा. हे कुणालाही न विचारता छापता येतं. का?" अख्ख्या वर्गाने एका सुरात माझं वाक्य म्हटलं. त्या पाच जणांसाठी टाळ्या झाल्या.

तास संपल्यावर खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी थांबली. वारज्याहून बसने येणारी, वर्षभर हजेरीला 'प्रेझेंट' म्हणण्यापलीकडे फारसं न बोललेली.

"मॅडम, त्यातला बाविसावा माझ्या आईचा आहे."

माझ्या हातात पुढच्या वर्गाचं मस्टर होतं. मी म्हणाले, "अगं, सगळ्यांच्याच आईला येतात ते."

"येतो नाही, मॅडम. तिने केलाय."

"उद्या बोलू," असं म्हणून मी निघाले. जिना चढताना मला तिचं वाक्य पुन्हा ऐकू आलं, आणि त्यातलं व्याकरण मला आवडलं नाही, कारण ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. दोनशे पानी, जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेली. आत ठसठशीत, जरा मोठ्या अक्षरात एकेका पानावर दोन-दोन उखाणे. काहींच्या खाली प्रसंग लिहिलेला: 'मधल्या जावेच्या भाचीचं लग्न', 'तिसऱ्या मजल्यावरची, मुलगा दुबईला'. काहींच्या पुढे तांबड्या पेनने बरोबरची खूण. मुलीने झेरॉक्स प्रत शेजारी ठेवली आणि एकेक करून दाखवत गेली. तीसमधले अठरा वहीत होते. काही जसेच्या तसे, काहींतले एखाद-दोन शब्द बदललेले.

बाविसावा मी इथे लिहिते. त्याची परवानगी मी नंतर तिच्या आईकडून वेगळी घेतली आहे. पुस्तिकेत असं होतं:

पाटाच्या पाण्याला सोन्याची जाळी,
….रावांच्या नावाने कुंकू रेखते कपाळी.

आणि वहीत असं:

पाटाच्या पाण्याला पहाटे आमची पाळी,
….राव गेले रानात, मी कुंकू रेखते कपाळी.

मी सदाशिव पेठेत वाढले. पाट म्हटलं की मला जेवायला बसायचा पाट आठवतो, आणि पाळी म्हटलं की जे आठवतं ते पुण्यातल्या कुठल्याही बाईला आठवेल. मुलीनेच मला समजावलं. वारज्याला त्यांचं रान होतं तेव्हा पाटाचं पाणी पाळीपाळीने मिळायचं. यांची पाळी भल्या पहाटे. लग्न होऊन आलेल्या पहिल्या वर्षी नवरा अंधारात दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी पिकात वळवायला जायचा, आणि ही एकटी आरशासमोर कुंकू लावत बसायची. हा तिचा स्वतःचा उखाणा. सत्यनारायण असो, कुणाचं डोहाळजेवण असो, नाव घ्यायची वेळ आली की ती हाच घेते.

ते ऐकल्यावर मी पुन्हा पुस्तिकेतल्या ओळी वाचल्या. पाण्याला सोन्याची जाळी! त्यात नवरा नाही, पहाट नाही, बाई नाही. यमक तेवढं उरलंय.

मला राग आला. मुलांचा नाही, स्वतःचा. आणि स्वतःचा राग आला की तो मी दुसऱ्यांवर काढते, हे माझ्या घरचे सांगतील. दोन ओळींच्या उखाण्याला कायदा साहित्यकृती म्हणेल की नाही, यावर दोन वकील दोन्ही बाजूंनी दिवसभर बोलू शकतील. पण एका हातचे अठरा उखाणे, एका वहीत, प्रसंगांसकट लिहिलेले, त्यांना 'परंपरा' म्हणणं हा निव्वळ आळस होता. ज्यांची नावं खरोखर हरवली त्यांच्याबद्दल आपण तो शब्द वापरावा. हे नाव हरवलेलं नव्हतं. त्या बाईची मुलगी रोज माझ्यासमोर बसत होती आणि मी तिला वर्षभरात एक प्रश्न विचारला नव्हता.

तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे? काय व्हायला हवं?"

तिने वहीचं कव्हर सारखं केलं. "आईला अजून माहीत नाही. छापून आलं आणि कुणी तिच्यासमोर वाचलं तर तिला वाटेल मीच दिले." मग म्हणाली, "तिने आयुष्यात ही एकच गोष्ट स्वतःची केलीय, मॅडम. ती पण दुसऱ्याच्या नावावर जाईल."

तिसऱ्या तासाला मी फळ्यावर लिहिलं: मागच्या तासाला मी चुकीचं शिकवलं. मुलं फळ्याकडे आणि माझ्याकडे आलटून पालटून बघायला लागली. मुलांना शिक्षकाने ओरडण्याची सवय असते, चूक कबूल करण्याची नसते. मग मी दोन्ही उखाणे शेजारी शेजारी लिहिले आणि म्होरक्याला उभं केलं.

"हे कुठून आणलेस?"

"फॉरवर्ड होते ना, मॅडम. आमच्या मेसवाल्या काकूंनी पाठवले. त्यांना त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर आले."

"आणि ही जाळी? ती भिशीतून आली का?"

त्याने खाली पाहिलं. "ती मी टाकली."

"पाटाच्या पाण्याला जाळी असते?"

"असते ना, मॅडम," त्याच्या गटातला एक जण बसल्या बसल्या मदतीला आला. "लोक कचरा टाकतात म्हणून लावतात."

"सोन्याची?" मी विचारलं. सगळे हसले. तोही हसला. म्होरक्या हसला नाही.

"पाळी म्हणजे काय, मला माहीत होतं, मॅडम," तो म्हणाला. "आमच्याकडं पण ओलीत आहे. बाबा रात्री जातात पाणी द्यायला. पण इथं कसं छापणार तो शब्द? इथल्या पोरी हसल्या असत्या. मी गावाकडचा, हे तर सगळ्यांना माहीतच आहे. पुस्तकातून अजून कशाला दाखवायचं?"

मागच्या बाकांवर खरंच कुणीतरी खुसखुसलं. तेव्हा खिडकीजवळची ती मुलगी उठून उभी राहिली. मी तिला सांगितलं नव्हतं.

"पाळी म्हणजे आपला नंबर," ती म्हणाली. "पाण्याचा. आपला नंबर आला की झोपेतून उठून जायला लागतं, नाहीतर पाणी पुढच्याच्या रानात जातं. माझे बाबा जायचे. हा माझ्या आईचा उखाणा आहे." एवढं बोलून ती बसली. खुसखुस थांबली होती.

मी जाहीर करून टाकलं की त्या बाईचं नाव छापल्याशिवाय ही पुस्तिका बाहेर पडणार नाही. अठरा उखाण्यांखाली तिचं नाव. उरलेल्या बारांचा माग काढा, नाही लागला तर तेही काढा आणि स्वतः बसून बारा करा. "आम्ही? उखाणे?" म्होरक्याने विचारलं. "का? यमक जुळवता येतं हे आपण बघितलंच," मी म्हणाले. हे जरा लागेल असं बोलले, पण त्याने मनावर घेतलं. माग काही लागला नाही. चार दिवसांत त्या पाच जणांनी बारा उखाणे केले. त्यातले चार तर इतके वाईट आहेत की त्यांच्यावर कुणी कधी हक्क सांगायला येणार नाही.

तिसरा तास झाला त्याच दिवशी संध्याकाळी मी छापखान्यात गेले. मालक चष्मा कपाळावर सरकवून पंचांगाची प्रुफं तपासत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"बाई, इतकी वर्षं आरतीसंग्रह छापतोय. आजवर एकाही गिऱ्हाईकाने विचारलं नाही, आरती कुणाची."

"अहो, ते लिहिणारे कधीच वारले."

"आणि या तुमच्या?"

"वारज्यात राहतात."

"म्हणजे वारल्या नाहीत, वारज्यात आहेत." आता त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या विनोदावर ते खूष होते, त्यामुळे मी घाई केली आणि मुदत मागितली. "शनिवारी सकाळी मशीनवर चढवणार. तोवर नाव आणा. सहीचा कागदही आणा. नाहीतर आहे ते छापतो. छापून झाल्यावर रडत आलात तर आमच्याकडे रुमाल मिळत नाही."

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर आम्ही तिघं वारज्याला गेलो. मी माझ्या स्कूटरवर, मुलीला मागे घेऊन, आणि म्होरक्या कुणाची तरी गाडी मागून. माझ्या पिशवीत संमतिपत्र होतं. मी ते स्वतः टाइप केलं होतं, सोप्या मराठीत, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मला पसंत होतं. मी आता त्या बाईला तिचा हक्क द्यायला निघाले होते. खरं सांगायचं तर रस्ताभर मला स्वतःबद्दल फार छान वाटत होतं.

त्यांच्या रानावर आता सात मजली इमारत आहे आणि दुसऱ्या मजल्यावर यांचा फ्लॅट. मुलीची आई हॉलमध्ये जमिनीवर बसली होती. मांडीवर कुणाचा तरी शालू, त्याला ती फॉल लावत होती. आजूबाजूला साड्यांच्या पिशव्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. आसपासच्या सोसायट्यांमधल्या लग्नाच्या मुली साड्या घेऊन तिच्याकडे येतात, हे मला तिथे कळलं. साडीला फॉल लागेपर्यंत त्या बसतात, नवऱ्याबद्दल सांगतात, आणि जाताना म्हणतात, काकू, एखादा उखाणा द्या ना. उखाणे झाले ते असे, आणि मांडवात ऐकणाऱ्या बायकांच्या फोनवरून भिशीच्या ग्रुपवर पोचले असणार तेही असेच.

मुलीने तिला वाटेतच फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं होतं. बाकीचं मी सांगितलं. माझी चूक, पुस्तिका, छापखाना, आणि प्रत्येक उखाण्याखाली तिचं नाव कसं येईल ते. म्होरक्याने पुढे होऊन माफी मागितली. तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि पुस्तिकेची पानं उलटली.

"हे सगळे काढा," ती म्हणाली.

मला वाटलं तिला समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. नाव येईल, तिचंच येईल, हक्क तिचा आहे.

"कळलं की. वहीत तांबडी खूण हाय बघा. ज्या पोरीला दिला, तिच्या उखाण्यापुढं खूण करते मी. एकदा दिला का दिला. तो परत दुसरीला द्यायचा न्हाय. ती पोरगी भर मांडवात नाव घेती, सासू इचारती, कुठला गं, आन् ती म्हणती, माझा मीच केलाय. म्हणू दे की! मी दिलाय तिला. आता तोच पुस्तकात निघाला, खाली माझं नाव, तर त्या पोरीचं तोंड केवढंसं हुईल?"

"पण केलेत तर तुम्ही," मी म्हणाले. "कायद्याने ते तुमचेच आहेत. लेखी लिहून दिल्याशिवाय हक्क असा दुसऱ्याकडे जात नाही."

"माझेच हायत ना?"

"हो."

"मग काढा."

मला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. आठवडाभर मी ज्या नावासाठी भांडत होते ते नाव हिला नकोच होतं. मी तिला पटवायला तोंडही उघडलं. तेवढ्यात मला पाचव्या तासाचं माझं टिपण आठवलं. कर्त्याचा पहिला हक्क आपली कृती लोकांपुढे आणायची की नाही हे ठरवण्याचा, असं मी दरवर्षी सांगते आणि घाईने नावाच्या मुद्द्याकडे जाते, कारण परीक्षेला नावाचा मुद्दा येतो. ही बाई त्या हक्काने वागत होती, आणि तिचा नियम माझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा कडक होता. एक उखाणा, एकच नवरी. मी उघडलेलं तोंड मिटलं. हे मला फारसं जमत नाही.

"काढतो, काकू," म्होरक्या म्हणाला. त्याने लॅपटॉप उघडला, जमिनीवर तिच्यासमोर मांडी घातली आणि एकेक वाचायला लागला. ती वहीत बघून सांगायची, "काढ." तो काढायचा. "हा?" "काढ." मुलगी वही धरून बसली होती. चौदा उखाणे असे गेले. प्रकल्पाचे गुण त्या पुस्तिकेवर होते, छापखान्याला दिलेला शब्द होता, पण त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मला त्याचा अभिमान वाटला, आणि तसं मी त्याला नंतर सांगितलंही.

खूण नसलेले चार उरले. त्यात तो पाटाचा होता.

"ह्यो माझा," ती म्हणाली. "ह्यो कुणाला दिला न्हाय. हे चार ऱ्हाऊ द्या. पर जाळी काढ ती."

"काढली, काकू. पाळी लिहिलं." मग त्याने विचारलं, "तुमच्याकडं किती तासांची असायची?"

"तीन. तुमच्यात?"

"आमच्याकडं विजेवर आहे. रात्री बारानंतर येते."

"म्हंजे बाप झोपत न्हाय तुझा."

"नाही, काकू."

एवढंच ते बोलले. त्याने सेव्ह केलं. चार तिचे आणि बारा यांचे, अशी सोळा उखाण्यांची पुस्तिका झाली. उरलेल्या पानांवर छापखानेवाल्यांनी रुखवताची यादी टाकली आणि मला ऐकवलं की यादीला मालक नाही ना, ते आधी बघून घ्या.

मी पिशवीतून संमतिपत्र काढलं, अठराचे चार केले, आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने ते अक्षर अक्षर वाचलं. सातवीपर्यंत शिकलेली आहे, मुलगी म्हणाली होती. खाली मी रेघ मारून ठेवली होती: लेखिकेचे पूर्ण नाव. तिने पेन हातात घेतलं आणि थांबली.

"ह्यात कुठलं लिवायचं?"

"नाव लिहा तुमचं," मी म्हणाले.

"ते कळलं. पर कुठलं?"

मला कळायला जरा वेळ लागला. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि त्या दिवसापासून रेशनकार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळीकडे तेच. माझ्या आईच्या पिढीत हे घरोघर होतं, आणि अजूनही ते गेलेलं नाही. पहिलं नाव फक्त माहेरची माणसं हाक मारताना वापरतात, आणि ती माणसंही आता मोजकीच आहेत.

"आई, आधार कार्डावरचं लिही ना," मुलगी म्हणाली.

आईने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. "कायद्यात काय हाय?"

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी जपून उत्तर दिलं. "लिहिणाऱ्याने कुठल्या नावाने लिहायचं ते त्याने ठरवायचं. कायद्याला सगळी चालतात. उखाणे करताना तुम्हाला तुम्ही ज्या नावाची बाई वाटता, ते नाव लिहा."

तिने लिहिलं. सावकाश, वहीतल्यासारख्याच मोठ्या अक्षरात, एकच शब्द. तो शब्द मी इथे देत नाही. मी विचारलं होतं, पण उखाणा लिहा, नाव पुस्तकात आहे तेवढं बास, असं ती म्हणाली. मुलीने कागद आपल्याकडे ओढून घेतला. हे नाव तिने मामाच्या तोंडून ऐकलेलं होतं. "लिहिलेलं मी कधीच बघितलं नव्हतं," ती म्हणाली, आणि कागद पुन्हा वाचला, जणू त्यावर बरंच काही लिहिलेलं होतं.

म्होरक्या लॅपटॉपवर ते नाव घालत होता. तो अडला.

"काकू, इथं पूर्ण नाव पाहिजे ना. मधलं नाव आणि आडनाव राहिलं."

तिने शालू परत मांडीवर ओढला होता. दोरा ओवता ओवता, वर न बघता ती म्हणाली, "पूर्णच हाय ते."